गाडी मुकी झाली तेव्हा

मित्रांनो, समोरून गाडी येताना तुम्हाला सगळ्यात आधी जो दिसतो, पण ज्याच्याकडे तुम्ही कधी निरखून बघत नाही, तो मी. गाडीच्या तोंडावरचा बंपर. आता मी जुना झालो आहे. अंगावर ओरखडे आहेत, डाव्या कोपऱ्याला जोड आहे आणि माझा निळा रंग एके काळी किती झळाळत होता हे सांगितले तर तुम्हाला थाप वाटेल. पण गोष्ट सांगण्याइतका दम माझ्यात अजून आहे.

अनेकांना वाटते की मी लोखंडाचा आहे. नाही हो! मी प्लास्टिकचा. कारखान्यात तापलेले, पातळ प्लास्टिक एका भल्या मोठ्या साच्यात शिरले, निवले आणि साचा उघडल्यावर मी बाहेर आलो. तेव्हा मी राखाडी होतो. माझ्या कडांना प्लास्टिकचे कसपट लोंबत होते. एका बाईने ते पातळ सुरीने हळूहळू तासून काढले, जणू बाळाची नखे कापत होती. मग मला निळा रंग चढला. माझ्या मागे फोमची जाड गादी आली. अंतर मोजणारे चार बारीक सेन्सर आले. आणि सगळ्यात शेवटी माझ्या पोटात मुठीएवढा एक भोंगा बसवला गेला.

हा भोंगा कशाला, ते सांगतो. आमची गाडी प्लग-इन हायब्रिड. म्हणजे दोन पोटांची. एका पोटात पेट्रोल आणि दुसऱ्या पोटात बॅटरी. घरी आल्यावर तिला वायर लावून वीज पाजायची. जवळच्या फेऱ्या विजेवर करायच्या आणि लांब जायचे असले की इंजिन सुरू. विजेवर चालताना गाडी अगदी मांजराच्या पावलांनी चालते. अशी गाडी मागून आली तर रस्त्यातल्या माणसाला कळणार कसे? म्हणून गाडी हळू चालत असली की हा भोंगा 'हूंऽऽ' असा मंद सूर धरतो. ती आमची चाहूल.

मला ज्या घरी जायचे होते, त्या घराला या चाहुलीची फार गरज होती.

ते घर एका अरुंद गल्लीच्या टोकाला होते. पुढे दोन दारांचे लोखंडी फाटक, मग गाडीपुरती जागा, मग तीन पायऱ्या. पायऱ्यांच्या बाजूला स्वयंपाकघराची खिडकी होती. मी रोज त्या खिडकीकडे तोंड करून उभा राहत असे, त्यामुळे घरातले काहीच माझ्यापासून लपत नसे.

गाडी चालवायची ती घरची मुलगी. पन्नाशीला आलेली, तरी आईवडिलांची चिमणीच. ती परिचारिका होती. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची मलमपट्टी करायची, कुणाला इंजेक्शन द्यायची, कुणाला नुसतेच चार शब्द बोलून यायची. तिच्या आईला सगळी गल्ली आजी म्हणायची. आजींची जीभ तिखट आणि हात सढळ. आणि चिमणीचे वडील म्हणजे सूरआजोबा. ते पियानो आणि इतर वाद्ये सुरात लावून देत. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आजारात त्यांची दृष्टी गेली होती, पण काम सुटले नव्हते. "सूर बघायला डोळे कशाला लागतात?" असे ते म्हणत. जवळच्या संगीतशाळेतला प्रत्येक पियानो त्यांच्या हाताखालून गेलेला होता.

संध्याकाळी आम्ही गल्लीच्या वळणावर आलो, की माझ्या पोटातला भोंगा 'हूंऽऽ' करू लागे. तो ऐकून आजोबा घरातूनच म्हणत, "अगं, चिमणी आली." मग काठी टेकत फाटकापाशी येत, दोन्ही दारे उघडत आणि भिंतीला पाठ लावून उभे राहत. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावरून आत सरकत असे. कधी चूक नाही, कधी घाई नाही. आत गेल्यावर ते बॉनेटवर थाप मारून म्हणत, "दमलीस का गं?" ती थाप गाडीला असे की लेकीला, ते मला कधी कळले नाही. थोडी मलाही मिळे, एवढे खरे.

एकदा बाजाराच्या वाहनतळात एका खांबाला माझा डावा कोपरा घासला. चांगलीच चीर गेली. चिमणीने मला वर्कशॉपमध्ये नेले. माझे काम एका उंच, सडपातळ मेकॅनिककडे आले. त्याला सगळे शिडी म्हणत. हात सफाईदार, स्वभाव हसरा. मित्रांनो, हायब्रिड गाडीचा बंपर काढणे हे सोपे काम नव्हे. आधी चार्जिंगची वायर काढायची, किल्ली गाडीपासून लांब ठेवायची, बॅटरीची जोडणी तोडायची आणि थोडा वेळ थांबायचे. आत जाड नारिंगी वायरी असतात. त्यांतून वाहणारी वीज माणसाचा जीव घेऊ शकते. शिकलेल्या माणसाशिवाय कुणी त्यांच्या वाटेला जायचे नाही.

शिडीने हे सगळे नीट केले. बॉनेटखालच्या क्लिपा उचकल्या, चाकांवरच्या अस्तराचे स्क्रू काढले, खालचे बोल्ट सोडवले. मग एका बाजूने तो आणि दुसऱ्या बाजूने त्याचा सोबती, अशा दोघांनी मला बाहेर ओढले. कड्‌कड्‌ आवाज करीत मी सुटलो. जन्मात पहिल्यांदाच मी गाडीपासून वेगळा झालो होतो. मला जुन्या घोंगडीवर निजवले. माझी चीर तापवून सांधली, घासली, रंगवली.

परत बसवताना मात्र गडबड झाली. बाहेर एक गिऱ्हाईक आरडाओरडा करीत होते, फोन वाजत होता, कुणीतरी "शिडी, अरे शिडी!" म्हणून हाका मारत होते. वायरी एकमेकींत अडकवणाऱ्या प्लास्टिकच्या टोकाला मेकॅनिक कपलर म्हणतात. कपलरला एक बारीक दात असतो. तो खाचेत बसला की 'टक' असे वाजते. शिडीने सेन्सरांचे कपलर बसवले: टक, टक. भोंग्याचा कपलर आत ढकलला आणि तेवढ्यात मान वळवून हाकेला ओ दिली. टक वाजलेच नाही.

मी वाट बघत राहिलो. पण बोल्ट आवळले गेले, क्लिपा ठोकल्या गेल्या आणि चिमणी किल्ली घेऊन आलीसुद्धा.

काही दिवस सगळे ठीक होते. अर्ध्यावर अडकलेला कपलर कसाबसा तग धरून होता. रस्त्यातल्या खड्ड्याने तो थोडा सरके, भोंगा गप्प होई आणि चिमणीसमोरच्या पडद्यावर एक पिवळी खूण उमटे. पुढच्या खड्ड्याला खूण विझे. "दाखवायला हवं एकदा," असे ती म्हणे. पण दुसऱ्यांच्या दुखण्यांमागे धावणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीचे दुखणे कधी आठवणार? अखेर एका दुपारी मोठा दणका बसला आणि कपलर निसटून माझ्या पाठीशी लोंबकळू लागला. हे फक्त मला ठाऊक होते. आणि बंपरला तोंड असते ते नावापुरते!

त्या संध्याकाळी आम्ही वळणावर आलो ते मुकाट्याने. आजोबा फाटकातच होते. बिजागरी करकरत होती आणि ती बेसूर करकर त्यांना सहन होत नव्हती, म्हणून ते वाकून तिला तेल देत होते. फाटक उघडेच होते. चिमणीला वाटले, आपली चाहूल लागली की बाबा नेहमीसारखे भिंतीला सरकतील. ती सावकाश पुढे आली. आजोबा उठले, हात पुसले आणि एक पाऊल मागे आले. थेट माझ्यासमोर.

चिमणीने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण मी त्यांच्या गुडघ्याला लागलोच. माझी फोमची गादी दबली म्हणून गुडघा वाचला. पण आजोबांचा तोल गेला, त्यांनी हात टेकला आणि मनगट मोडले.

"बाबा!" चिमणी दार उघडे टाकून धावली. रोज दुसऱ्यांच्या जखमा बांधणारी ती बाई, तिला आपल्या वडिलांचा हात धरवेना.

आजोबा कण्हले नाहीत. फक्त म्हणाले, "चिमणे, गाडी कधी आली? मला ऐकूच आली नाही गं."

मित्रांनो, त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी भीती उतरली, ती मनगटाची नव्हती.

हाताला प्लास्टर चढले. हाड सांधत होते, पण माणूस आतून मोडत चालला होता. "माझे कान गेले," असे त्यांनी धरून ठेवले. चिमणी म्हणाली, "बाबा, तपासून घेऊ. साधी तपासणी असते." ते म्हणाले, "नको. तपासलं की ठरून जातं. अजून काही ठरलेलं नाही, तेवढंच बरं." एकदा त्यांना खिडकीपाशी आजींना सांगताना मी ऐकले, "डोळे गेले तेव्हा कान होते. आता कान गेले तर मी कशानं बघू?" 

संगीतशाळेच्या मुख्याध्यापिका भेटायला आल्या. नवा पियानो आला होता. हात बरा झाला की येऊन लावून द्या, असे त्या म्हणाल्या. आजोबांनी नम्रपणे नकार दिला. "दुसरं कुणीतरी बघा. सुराच्या कामात अंदाजपंचे चालत नाही."

फाटक उघडायला येणेही त्यांनी सोडले. चिमणी वळणावरून फोन करी, "आई, मी येतेय, बाबांना आत घे." मग आजोबा एखाद्या सामानासारखे आत जाऊन बसत. बॉनेटवरची थाप बंद झाली. चिमणी उतरताना माझ्याकडे बघतही नसे. तिचे काय चुकले? आपल्या वडिलांना पाडणाऱ्या बंपरकडे कुणाला बघवेल?

पण आजी होत्या ना! एके दिवशी भांडी घासताना त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "म्हातारा हट्टाला पेटलाय नुसता."

तिकडून, पार पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "म्हातारा कुणाला म्हणतेस?"

आजींच्या हातातले पातेले तसेच राहिले. "अहो, तुम्हाला ऐकू आलं?"

"तुझं बोलणं ऐकायला कान लागत नाहीत. सवय पुरते."

आजी हसल्या, पण त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. त्या बारीक लक्ष ठेवू लागल्या. शेजारणीचा नळ ठिबकला तर आजोबांना कळे. दूध उतू जायच्या आधी बुडबुडते, तेही कळे. आणि एका दुपारी गल्लीत शेजाऱ्यांची नवी विजेवरची गाडी आली. आजोबांनी मान वर केली. "कोण आलं गं? हा सूर आपल्या गाडीचा नाही. जरा चढा आहे."

आजी पदराला हात पुसत पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. मला वाटले, आज कुणीतरी मला विचारते आहे.

त्या दिवशी चिमणी घरी आल्यावर आजींनी तिला उतरूच दिले नाही. "जा, वळणापर्यंत मागे जा आणि सावकाश ये. मी भिंतीपाशी उभी राहते. डोळे बांधून."

"आई, वेड लागलं का तुला? एकदा झालं ते पुरे नाही का?"

"भिंतीला चिकटून उभी राहीन. तू फाटकाच्या बाहेर थांब. आत येऊ नकोस. पण ये!"

आजींनी चिमणीच्या ओढणीने डोळे गच्च बांधले. चिमणी वळणावर गेली आणि जीव मुठीत धरून इंच इंच पुढे सरकू लागली. मी आजींच्या जवळ जवळ येत होतो. आजी कान टवकारून उभ्या. फाटकाबाहेर गाडी थांबली. आजी अजून उभ्याच. शेवटी वैतागून त्या ओरडल्या, "अगं, ये ना! किती वेळ लावशील?"

"आई, मी आलेय."

आजींनी ओढणी वर केली. मी त्यांच्यासमोर, चार पावलांवर. त्या एवढ्या जोरात किंचाळल्या, की शेजारची खिडकी उघडली. मग घराकडे वळून त्यांनी आणखी मोठ्याने हाक मारली, "अहो! बाहेर या! तुम्ही बहिरे नाही आणि मीही नाही. गाडीच मुकी झालीय!"

आजोबा दारात आले. प्लास्टरचा हात छातीशी धरलेला. "पुन्हा म्हण," असे ते हळूच म्हणाले.

"गाडी मुकी झालीय. शेजाऱ्यांची ऐकू येते आणि आपली येत नाही, म्हणजे काय ते तुम्हीच सांगा!"

चिमणी गाडीतच बसली होती. तिचे डोळे समोरच्या पडद्यावर खिळले होते. "बाबा," ती म्हणाली, "ही पिवळी खूण. मी किती दिवस बघतेय आणि दाखवायचं टाळतेय." आणि तिथेच, स्टिअरिंगवर डोके ठेवून ती रडली. रडू वाईट नव्हते ते. साचलेले पाणी वाहून गेल्यासारखे होते.

दुसऱ्या दिवशी चिमणी आणि आजींबरोबर आजोबाही हट्टाने वर्कशॉपमध्ये आले. त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. शिडीने मला पुन्हा उतरवले. या वेळी मी सुटलो तेव्हा मनात म्हणालो, आता बघ, आता तरी बघ! त्याने मला उलटे केले आणि तो थबकला. कपलर मोकळाच लोंबत होता. त्याचा दात शाबूत होता; म्हणजे परत बसवताना तो खाचेत गेलाच नव्हता.

वायर सैल झाली होती, असे म्हणून त्याला वेळ मारून नेता आली असती. कुणाला कळलेही नसते. पण त्याने फडक्याला हात पुसले आणि तो आजोबांसमोर येऊन उभा राहिला.

"आजोबा, हा कपलर मीच बसवला होता. नीट बसवला नाही. तुमचा हात माझ्यामुळे मोडला."

 चिमणीचा चेहरा लाल झाला. ती काही बोलणार होती, तेवढ्यात आजोबा म्हणाले, "हात मोडला, तो सांधतोय. पण मी बहिरा झालो असं मला वाटत होतं, त्याचं काय, ते तुला माहीत नाही."

शिडीची मान खाली गेली.

"पण तू सांगितलंस," आजोबा पुढे म्हणाले. "नसतं सांगितलंस तर जन्मभर दोन्हींवर शंका राहिली असती, गाडीवर आणि कानांवर. बसव आता. मला ऐकव."

शिडीने त्यांचा चांगला हात धरून त्यांना माझ्यापाशी आणले आणि कपलर आत ढकलला. टक! एवढासा आवाज, पण आजोबांच्या खांद्यांवरचे ओझे उतरलेले मी पाहिले. मला चढवल्यावर चिमणीने गाडी सुरू करून हळूच पुढे घेतली. माझ्या पोटातून तोच मंद सूर निघाला. आजोबा डोळे मिटून ऐकत राहिले. अंध माणूस डोळे का मिटतो, हे तेव्हा मला समजले.

"थोडा घोगरा झालाय," ते म्हणाले. "सर्दी झाली असेल." आजी हसल्या, चिमणी हसली. शिडी मात्र तोंड फिरवून डोळे पुसत होता.

हात बरा झाल्यावर आजोबा आपण होऊन कान तपासून आले. वयाच्या मानाने उत्तम निघाले. आजी म्हणाल्या, "हे मी फुकटात सांगितलं होतं." नव्या पियानोचे सूर आजोबांनीच लावले. मीच त्यांना तिथे नेले, असे मी अभिमानाने सांगतो.

पुढे पुष्कळ वर्षे आम्ही हिंडलो. मग एका वादळात झाडाची फांदी माझ्यावर कोसळली आणि मला गाडीला धरून ठेवणाऱ्या सगळ्या खुंट्या तुटल्या. गाडीला नवा बंपर आला. मी वर्कशॉपच्या मागच्या अंगणात भंगाराच्या ढिगावर जाऊन पडलो. माझ्या पोकळीत पालापाचोळा साठला, धूळ बसली. त्या वाईट दिवसांत एका करड्या मांजरीने माझ्या आडोशाला पिल्ले घातली. ती पिल्ले माझ्या फोमवर नख्या घासत, तेव्हा मला बरे वाटे. कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो ना!

पिल्ले मोठी होऊन निघून गेली आणि थोड्याच दिवसांत शिडी मला शोधत आला. आता त्याचे केस पिकले होते आणि तो तंत्रशाळेत मास्तर झाला होता. त्याने मला धुतले, माझ्या खुंट्या नव्याने जोडल्या आणि वर्गातल्या लोखंडी सांगाड्यावर बसवले. तिथे लोक हायब्रिड गाड्यांचे काम शिकतात. रोज मला उतरवतात, रोज चढवतात. कुणी क्लिप मोडतो, कुणी स्क्रू हरवतो. मास्तर रागावत नाहीत. म्हणतात, "इथं चुका. रस्त्यावर नको."

मित्रांनो, मी काही मोठा उपदेशक नाही. पण एवढे ऐका. एखादी वस्तू उघडलीत तर पुन्हा मिटतानाही तितकेच मन लावा. गाडीने पिवळी खूण दाखवली तर तिला उद्यावर ढकलू नका. आणि घरातला म्हातारा माणूस "मला आता जमत नाही" असे म्हणाला, तर लगेच मान डोलावू नका. आधी त्याच्या शेजारी उभे राहून बघा.

कालच वर्गात एक नवी शिकाऊ बाई आली. आधी बस चालवायची, आता दुरुस्ती शिकायची आहे म्हणाली. मला उतरवताना तिच्या हातून मी निसटलो आणि फरशीवर आपटलो. तिने चटकन वाकून माझ्या कोपऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लागलं का रे?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारले नव्हते. नाही बाई, नाही लागले. चल, पुन्हा उचल मला.